कोकरू नावाचं विमान

भवानी पेठेत ईश्वरप्पांचं कागदाचं दुकान होतं. वह्या, दौती, पतंग, आकाशकंदिलाचे रंगीत ताव. दर आयतवारी सकाळी दुकानापुढच्या फळीवर दोन माणसं येऊन बसायची, महिपती सुतार आणि येडू. ही हकीकत मला ईश्वरप्पांनी सांगितली, त्यांची सत्तरी उलटून गेल्यावर.  

महिपती करमाळ्याकडचा. गिरणीत सुतारखात्यात होता. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारे लाकडी धोटे दुरुस्त करायचं त्याचं काम. हात नेमका, बोलणं थोडं, पण जे बोलायचा ते टोचायचं. येडू सांगोल्याकडच्या धनगरांचा. मेंढरं भावाच्या हवाली करून शहरात आला आणि त्याच गिरणीत माग चालवायला लागला. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे शांत गल्लीतही तो पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसा बोलायचा.

या तिघांना विमानांचं वेड लागलं ते १९३३ च्या जानेवारीत. शहराबाहेरच्या माळावर कुणी साहेब विमान घेऊन आला होता. दोन दिवस तो पैसे घेऊन लोकांना वर फिरवून आणत होता. यांना ते परवडणारं नव्हतं. हे दिवसभर दोरीच्या अलीकडे उभे राहिले. संध्याकाळकडे विमान उतरून उभं असताना येडू दोरीखालून वाकून आत गेला आणि विमानाच्या सावलीवरून आधी आडवा, मग उभा, टोकापासून टोकापर्यंत शांतपणे चालत गेला. शिपाई धावून आला तेव्हा तो शेवटचं पाऊल टाकत होता.

"पंख सतरा पावलं," त्यानं परत येऊन जाहीर केलं. "आन् शेपूट धरून लांबी बारा."

"पाच वाजता सावली मोजलीस?" महिपती म्हणाला. "पाच वाजता तुझीबी सावली ताडाएवढी पडती. तेवढा हायस व्हय तू?"

"मग काय, साहेबाला सांगू, बाबा, बारा वाजेपर्यंत थांब म्हनून?"

त्या चुकीच्या सावलीवरूनच त्यांनी पहिलं विमान बांधलं. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, चिकटवायला गिरणीतली खळ. पुढचा पंखा महिपतीनं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा कोरला. पंख्याला मागे रबराच्या पट्ट्या बांधलेल्या. पंखा बोटानं फिरवून फिरवून रबराला पीळ भरायचा आणि सोडून द्यायचं. पीळ सुटेपर्यंत विमान उडायचं. पहिलं विमान मात्र सोडल्या जागीच नाक खुपसून पडलं.

"बाजलं केलंय सुतारानं," येडू म्हणाला. "चार पाय तेवढं लावायचं ऱ्हायलं."

दुसरं येडूनं बांधलं. ते दहा हात उडालं आणि बसलं.

"कोंबडी," महिपती म्हणाला.

कागद ईश्वरप्पांचा, त्यामुळे दोघांनाही शिव्या देण्याचा हक्क त्यांचा. ते कानडीतून सुरू करायचे आणि मराठीत संपवायचे. दीड-दोन वर्षं असं चाललं. पहाटे उठून अक्कलकोट रस्त्याच्या बाजूच्या माळावर जायचं, वारा सुटायच्या आत विमानं उडवायची, मग परत येऊन दुकानाच्या फळीवर कुणाचं जास्त लांब गेलं यावर भांडायचं. बायका हसायच्या. येडूची बायको केराबाई घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरायचं काम करायची. ती म्हणायची, "माझ्यापरीस त्या कागदाशी जास्ती बोलत्यात."

चौतीसच्या पावसाळ्यात दोघांनी मिळून एक विमान करायचं ठरवलं. सावलीचं माप सोडून दिलं. कुठल्याशा मासिकातलं चित्र ईश्वरप्पांनी कापून ठेवलं होतं, त्यावर पट्टी धरून महिपतीनं एकेक माप काढलं. कामट्या येडूनं तासल्या, इतक्या बारीक की तोंडानं फुंकर मारली तरी हलाव्यात. सहा महिने लागले. तयार झालं तेव्हा दोन्ही हात पसरल्याएवढे पंख आणि वजन नसल्यासारखंच. येडूनं ते छातीशी धरलं आणि म्हणाला, "आजच जल्मल्यालं कोकरू बी ह्याच्यापरीस जड असतंय."

तेच नाव पडलं. कोकरू.

चैत्रातला आयतवार होता, रामनवमी चार-पाच दिवसांवर आलेली. तिघं नेहमीसारखे पहाटे माळावर गेले. पण महिपतीला पंखा जरा एका अंगाला झुकल्यासारखा वाटला. तो काढून पुन्हा बसवायचा त्यानं हट्ट धरला. सुरी, मेण, दोरा, सगळं बरोबर आणलेलं. तास गेला, दोन तास गेले. ऊन चढलं. जमीन तापली आणि लांबच्या बाभळी हलताना दिसायला लागल्या. वर दोन घारी गोल फिरत होत्या, पंख न हलवता.

"आज ऱ्हाऊ दे," येडू म्हणाला. "लई ताव हाय. फुडच्या आयतवारी उडवू."

"धनगर उन्हाला भ्यायला लागला," महिपती म्हणाला. "मग मेंढरं कशी राखलीस रं? छत्री धरून?"

येडू हसला. त्यानंच पीळ भरला आणि त्यानंच सोडलं.

कोकरू सरळ चढलं. पंखा थांबला, म्हणजे पीळ संपला. आता ते हळूहळू खाली यायचं. पण ते खाली आलं नाही. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढत होती, त्या हवेनं त्याला उचललं. घारी जिथे फिरत होत्या तिथेच तेही फिरायला लागलं, आवाज न करता, एकेक फेरीला वर जात. येडूनं तोंडाशी हात धरून मेंढरांना बोलवायची हाळी घातली. तिघंही हसत होते. इतकं चांगलं विमान त्यांनी कधी बांधलं नव्हतं.

मग ते एका बाजूला सरकायला लागलं, शहराच्या उलट्या अंगाला, कुंभारी गावाच्या दिशेनं, असं त्यांना वाटलं. येडू पळाला. महिपती मागोमाग पळाला. ईश्वरप्पा जाड, ते जागेवरच राहिले. पाव मैलावर एक लिंबाचं झाड होतं, तिथे महिपतीचा दम संपला. तो सावलीत वाकून उभा राहिला. येडू पुढे पळतच होता, मान वर करून. त्याच्या पुढे आभाळात एक ठिपका होता.

महिपतीनं हाक मारली. "कोकरू घेतल्याबिगर तोंड दावू नगंस रं, येड्या!"

येडूनं मागे न बघता हात वर केला. त्याचं हसणं ऐकू आलं. मग तो उताराला लागला आणि दिसेनासा झाला.

दोघांनी दुपारचे दोन वाजेपर्यंत वाट बघितली. "घरी गेला असंल दुसऱ्या वाटंनं," महिपती म्हणाला. "आपल्याला हितं वाळत ठेवून तिकडं जेवत बसला असंल." येडूचा स्वभावच तसा होता, त्यामुळे ईश्वरप्पांनाही ते पटलं. दोघं घरी आले. महिपती जेवून झोपला.

कुंभारीच्या पलीकडे एका कोरड्या ओढ्यात शेतकऱ्यांना येडू पडलेला सापडला, दिवस मावळायच्या वेळी. बैलगाडीतून घरी आणला. अंग भाजत होतं आणि घाम नव्हता. डॉक्टरनं ओल्या चादरी गुंडाळायला सांगितल्या. तो मंगळवारी सकाळी गेला. मधला सगळा दिवस तो बडबडत होता. महिपती ओसरीवर बसून होता, आत गेला नाही. आत कुणीतरी कुणाला तरी उत्तर देतंय असं त्याला बाहेर ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत.

माती झाल्यावर केराबाईनं त्याला विचारलं, "भावजी, काय झालं? येकटंच कसं गेलं एवढ्या उन्हात?"

महिपती म्हणाला, "आमी लई हाका मारल्या, वयनी. परत ये, परत ये म्हनलं. ऐकलंच न्हाई त्यानं."

ईश्वरप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी खाली बघितलं. "तेव्हा बोलायला हवं होतं," ते मला म्हणाले. "पण त्याचं तोंड बघून मला बोलवेना. मग एकदा गप्प राहिलो ते राहिलोच."

महिपती कामावर जात होता. पण रंधा मारताना तो मधेच थांबायचा आणि मान वळवून मागे बघायचा. शेजारच्या सुतारानं विचारलं तर म्हणायचा, "कुणी काय म्हनलं काय?" कुणी काही म्हटलेलं नसायचं. लाकूड जरा जाड राहिलं की त्याला मागून तो मोठा आवाज ऐकू यायचा, बाजलं करतोयस व्हय सुतारा म्हणून. तो मनातल्या मनात उत्तर द्यायचा. कधी उत्तर तोंडातून बाहेर पडायचं. लोकांनी बघितलं आणि सोडून दिलं.

दुपारच्या वेळी अंगणातून घारीची सावली सरकत गेली की तो हातातलं टाकून उभा राहायचा. खाली सावली लहानशी, पंख पसरलेली, आणि वर बघावं तर घार. दरवेळी घारच. तरी दरवेळी तो बघायचा. बायको बनाबाईनं एकदा विचारलं, "काय सापडायचं ऱ्हायलंय तुमचं?" त्यानं सांगितलं नाही. पण आयतवारी तो कुंभारीच्या बाजूची गावं पालथी घालायला लागला. कागदाचं, कामट्यांचं काही पडलेलं दिसलं का? लोक मान हलवायचे. ते कोकरू सापडलं की केराबाईला नेऊन देता येईल आणि मग सांगता येईल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. काय सांगायचं ते तो स्वतःलाही सांगत नव्हता.

आयतवारी परतताना तो केराबाईकडे जायचा. दाराची कडी बसवून दे, बाजेची सुंभं ताण, ज्वारीचं पोतं आणून ठेव. तिची दोन पोरं त्याला काका म्हणायची. ती रहाट फिरवत कांड्या भरत बसलेली असायची आणि दरवेळी कधी ना कधी ते निघायचंच.

"तुमी एवढं वरडला असाल, भावजी. पर त्यांस्नी कुटं कुणाचं ऐकायची सवय?" रहाट फिरायचा. "पोरांचा इचार केला न्हाई. माझा केला न्हाई. कागदापायी मेला मानूस. मी रोज शिव्या देते त्यांस्नी. सकाळी उठलं की पैल्यांदा शिवी येती तोंडात."

महिपती खाली बघून सुंभ ताणत राहायचा. येडू मेला तो मेला, आणि आता त्याच्याच घरात दर सकाळी त्याला शिव्या बसत होत्या. त्या आपण सांगितलेल्या खोट्यापायी होत्या हे महिपतीला ठाऊक होतं. घरी गेल्यावर त्याला जेवण जायचं नाही.

इकडे दुकानाच्या फळीवर तो आणि ईश्वरप्पा अजून बसायचे, पण थट्टा बंद. एकानं काही टोचून बोलावं तर उत्तर द्यायला तिसरा लागायचा. दोघंही कागदाच्या भावाबद्दल बोलायचे. तेही लवकर संपायचं.

तीन वर्षं अशी गेली. मग एक दिवस बाळं गावचा सिद्धाराम नावाचा शेतकरी दुकानात पोरीसाठी पाटी-पेन्सिल घ्यायला आला. दुकानात टांगलेला मोठा पतंग बघून म्हणाला, "आमच्या वस्तीवर बिरोबाच्या देवळात असलंच एक पाखरू हाय. आभाळातनं पडल्यालं."

ईश्वरप्पांनी त्याच संध्याकाळी महिपतीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सायकलीवरून गेले. बाळं हे गाव शहराच्या वायव्येला, पुण्याच्या रस्त्यावर. ज्या माळावरून विमान सोडलं होतं तो आग्नेयेला. मधे सगळं शहर.

देवळात दिव्याच्या काजळीनं छत काळं झालं होतं आणि त्याला दोरीनं कोकरू टांगलेलं होतं. कागद पिवळा पडलेला, एक पंख फाटलेला, पंखांवर हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली. महिपतीनं आपला कोरलेला पंखा ओळखला. त्यानं हात लावला नाही.

"कवा पडलं हे?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"तीन वरसं झाली. चैतातला आयतवार. आमची मळणी चालली व्हती," सिद्धाराम म्हणाला. "दुपारचं बारा-साडेबारा झालं असतील. गावाच्या अंगानं आलं बघा, लई उंचावरनं, घिरट्या घेत घेत. आन् खळ्याच्या कडंला बसलं, पाखरू बसावं तसं. आमची म्हातारी पाया पडली. मग हितं आणून बांधलं."

दोघं बाहेर येऊन पायरीवर बसले. ईश्वरप्पांनी ते तेव्हा मोठ्यानं म्हटलं, कारण त्यांना ते एकट्यानं पेलवेना.

"ते गावावरनं गेलं, महिपती. आपल्या घरांवरनं. येडू कुंभारीला पळाला. मग तो कुणाच्या मागं पळत होता?"

वर आभाळात त्या दिवशीही घारी होत्या. महिपती कितीतरी वेळ बघत राहिला. त्या लिंबाखाली उभं राहून त्यानंही तोच ठिपका बघितला होता आणि त्यालाही ते कोकरूच वाटलं होतं. येडूनं पाच-सहा मैल घारीचा पाठलाग केला, मान वर करून, हसत. आणि त्यानं पाठीवर जी हाक घेतली होती ती परत फीर म्हणणारी नव्हती.

सिद्धाराम म्हणाला, तुमचंच असलं तर घेऊन जावा, देवाची काय हरकत नसंल. महिपती नको म्हणाला. सायकलीवर बसला आणि सरळ केराबाईच्या घराकडे गेला. ईश्वरप्पा मागे होते, ते दारातच उभे राहिले.

केराबाई कांड्या भरत होती. आयतवार नसताना हा आलेला बघून तिचा हात थांबला.

"वयनी, मी तुमाला खोटं बोललो," महिपती म्हणाला. "आमी त्याला परत बोलावला न्हाई."

तिनं रहाट बाजूला सारला.

"उलट म्या म्हनलं, विमान घेतल्याबिगर तोंड दावू नगं. आन् सकाळीच तो म्हनला व्हता, ऊन लई हाय, ऱ्हाऊ द्या म्हनून. म्याच त्याला चिडवला. परत येना तवा आमी हुडकायलाबी गेलो न्हाई. म्या घरी यिऊन जेवलो."

"कसं म्हनलासा?" ती म्हणाली. "जसं म्हनलासा तसं म्हना."

"वयनी…"

"म्हना."

महिपतीनं ते शब्द पुन्हा म्हटले, पण आवाज फुटेना. ती म्हणाली, असं न्हाई, तवा म्हनलासा तसं. मग तो ओरडला. गल्लीतलं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

"हसलं का ते?"

"हसला. हात वर केला."

"मागं बघितलं?"

"न्हाई."

केराबाईनं पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. म्हणाली, "तीन वरसं म्या त्यांस्नी शिव्या घातल्या. दिवा लावताना घातल्या, पोरांम्होरं घातल्या. त्या आता माघारी कशा घेऊ, सांगा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "जावा तुमी."

महिपती गेला. पुढचे दोन महिने तो त्या गल्लीत गेला नाही. ज्वारीचं पोतं ईश्वरप्पांच्या हाती पाठवलं, ते तिनं उंबऱ्यावरून परत पाठवलं. दुसऱ्यांदा पाठवलं तेव्हा ठेवून घेतलं, पण विचारलं काहीच नाही. महिपती वाळला. बनाबाईनं त्याला करमाळ्याला देवीच्या पायावर घालून आणलं, काही फरक पडला नाही. रात्रीची झोप लागायची, पण पहाटे माळावर जायच्या वेळेला जाग यायची आणि तो कपडे घालून दारात उभा राहायचा.

आषाढ सरताना केराबाईनं ईश्वरप्पांकडे निरोप पाठवला. भावजींना म्हणावं, ती जागा मला दाखवा.

आयतवारी उजाडता तिघं माळावर गेले. ढग होते, वारा गार होता, गवत नुकतं उगवलेलं. पोरं तिनं शेजारी सोजरबाईकडे ठेवली होती.  विमान सोडलं ती जागा महिपतीनं दाखवली. मग ते लिंबाच्या झाडापर्यंत चालत गेले.

"म्या हितं हुबा व्हतो," महिपती म्हणाला. "आन् तो त्या उतारावरनं खाली गेला. तितनं फुडं दिसला न्हाई."

केराबाई झाडाच्या चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली. उताराकडे बघत राहिली. ईश्वरप्पांना वाटलं, आता ती रडेल. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि हाक मारली.

"येडूऽऽ!"

ईश्वरप्पा म्हणाले, त्यांच्या अंगावर काटा आला. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारत नसे. तिनंही उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली, मेंढरांच्या मागची बाई मारते तशी लांब, पोटातून.

"येडूऽऽ! माघारी यावाऽऽ! ऊन लई हायऽऽ!"

माळावर ऊन नव्हतं. लांब एक टिटवी ओरडत उडाली. महिपती झाडाला धरून खाली बसला आणि त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा रडला, आवाज करून. केराबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही, त्याला गप्पही केलं नाही. ती आणखी दोनदा हाक मारून थांबली. उताराकडून काही येतंय का हे बघावं तशी उभी राहिली. ईश्वरप्पा मला म्हणाले, "खरं सांगू का, मीसुद्धा बघत होतो."

मग ती वळली. "चला," म्हणाली. "पोरं उठली असतील."

परतताना ती पुढे चालत होती, दोघं मागे. पेठेच्या तोंडाशी आल्यावर वाटा फुटत होत्या. पुढच्या आयतवारी यायचं का हे महिपतीनं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. ती आपल्या गल्लीत वळली. महिपती तिथंच उभा राहिला, दुकानं उघडायला लागली तरी. मग ईश्वरप्पांनी त्याच्या खांद्याला हात लावला आणि दोघं चहा प्यायला गेले.